जुनी ब्रिटिश ट्विन (दोन सिलिंडरची मोटारसायकल) गरम झाली की बंद पडते: इलेक्ट्रॉनिक इग्निशनमधला दोष शोधताना

लक्षणं

- थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं छान चालते आणि मग दोन्ही सिलिंडर एकदम गप्प. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू होते.
- स्लोवर ठीक चालते, रेस वाढवली की मिसिंग. हेडलाइट लावला की मिसिंग आणखी वाढतं.
- किक उलटी बसते. बॅटरी जरा उतरलेली असली की हमखास.
- हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं की इंजिन अडखळतं.
- एकच सिलिंडर मधूनमधून काम सोडतो आणि सायलेन्सरमधून फटाके फुटतात.
- चावी फिरवली, दिवे लागतात, पण प्लगला करंट नाही.

हे सगळे प्रकार मी माझ्या १९७७ च्या ट्रायम्फ टी१४० वर आणि गेल्या पंधरा वर्षांत इथल्या मित्रांच्या बीएसए, नॉर्टन आणि ट्रायम्फ गाड्यांवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केले आहेत. मी कॉव्हेंट्रीत राहतो. माझी गाडी जिथे जोडली गेली तो मेरिडनचा कारखाना इथून जवळच होता. नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात शहरातला जुना कारखाना गेला, १९४२ मध्ये मेरिडनला नवा उभा राहिला आणि १९८३ मध्ये तोही बंद पडला. आता तिथे घरं आहेत, एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे. त्याच रस्त्यावर माझी गाडी एका उन्हाळ्यात सहा वेळा बंद पडली, म्हणून हा विषय माझ्या इतका जवळचा आहे.

एवढ्या वर्षांत डबा, म्हणजे सीटखाली किंवा टाकीखाली बसवलेलं ते इलेक्ट्रॉनिक युनिट, खरोखर गेलेलं मी फक्त दोनदा पाहिलं. बाकी प्रत्येक वेळी दोष एक तर बॅटरीपासून डब्यापर्यंतच्या वाटेवर होता, नाही तर पिकअपपासून, म्हणजे डब्याला ठिणगीची वेळ सांगणाऱ्या कॉईलपासून, डब्यापर्यंत येणाऱ्या दोन बारीक वायरींत. तरी लोक सगळ्यात आधी डबाच बदलतात. मीही बदलला होता. शंभराहून जास्त पौंड गेले आणि पुढच्याच रविवारी गाडी त्याच वळणावर बंद पडली.

ही यंत्रणा काय करते

मूळ गाडीत सीबी पॉइंटचे (कॅमने उघडणाऱ्या, करंट तोडणाऱ्या यांत्रिक स्विचचे) दोन संच, दोन कंडेन्सर आणि दोन कॉईल असायच्या, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र. इलेक्ट्रॉनिक किट बसवताना पॉइंटच्या जागी एक गोल प्लेट येते, तिच्यावर दोन पिकअप कॉईल. पॉइंटच्या कॅमच्या जागी येतो दोन चुंबकांचा छोटा रोटर. रोटर फिरला की पिकअपमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो. तो पाहून डबा ठरवतो की आता करंट तोडायचा, म्हणजे ठिणगी पाडायची.

या जुन्या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात आणि एकत्र खाली जातात. त्यामुळे किट दोन्ही प्लगना एकाच क्षणी ठिणगी देतं: एक ठिणगी कामाची, दुसरी एग्झॉस्टच्या फेरीत वाया. सहा व्होल्टच्या दोन कॉईल सिरीजमध्ये जोडून बारा व्होल्ट पुरे करतात.

हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्मी शोधाशोध वाचते. दोन्ही सिलिंडर एकदम मेले तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात: बॅटरी, चावी, अर्थिंग, पिकअप, डबा, कॉईलची प्रायमरी (बारा व्होल्टकडची बाजू). एकच सिलिंडर मेला तर डब्याचा त्यात काही संबंध नाही. तिथे प्लग, कॅप, एचटी वायर (कॉईलपासून प्लगला जाणारी जाड वायर), त्या बाजूची कॉईल, नाही तर कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्ह पाहायचे.

हात लावण्याआधी

ठिणगी पाहायची तर प्लग बाहेर काढून हेडच्या धातूला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ फुसकन बाहेर येते आणि ती पेटते. दोन्ही प्लग टेकलेले हवेत, एक कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर ती कॉईलचं किंवा डब्याचं इन्सुलेशन फोडून वाट काढते. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर या चाचण्या दुसऱ्याला करू द्या.

दुसरी गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी आहे आणि ती फार महत्त्वाची. या गाड्यांपैकी बहुतेक पॉझिटिव्ह अर्थ आहेत. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जातं. मेरिडनच्या ट्रायम्फ १९७९ च्या मॉडेलपासून निगेटिव्ह अर्थ झाल्या, नॉर्टन कमांडो मात्र शेवटपर्यंत पॉझिटिव्ह अर्थच राहिली. कोल्हापूरला माझ्या मावसभावाकडे १९६८ ची ट्रायम्फ आहे. नवी बॅटरी घातली तेव्हा गॅरेजमधल्या पोराने सवयीप्रमाणे काळी वायर बॉडीला लावली. संध्याकाळी मावसभावाचा फोन आला, "दादा, चावी फिरवली आणि सीटखालनं वास आला बघ." डबा गेला होता. मी पाहिलेल्या दोन मेलेल्या डब्यांपैकी हा एक. पोराचा काय दोष, त्याने आयुष्यात हाताळलेली प्रत्येक गाडी निगेटिव्ह अर्थ होती. म्हणून बॅटरीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: प्लस बॉडीला.

(चाकणला सध्या ज्या ४०० सीसीच्या ट्रायम्फ बनतात त्यांना यातलं काहीही लागू नाही.)

हाताशी असू द्या: साधा मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली मीटरभर वायर, मध्ये दहा अँपिअरचा फ्यूज, एक नवा प्लग आणि घरातला हेअर ड्रायर.

टाकीचं झाकण

पाच सेकंदांची आणि फुकटची तपासणी. वीस मिनिटांनी गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. पेट्रोल खाली येत नाही, इग्निशन ठीक आहे. गरम झाल्यावर कॉईल निकामी होते तेव्हाही लक्षण अगदी हेच असतं, म्हणून हे आधी पाहायचं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी या छिद्रापायी दोन कॉईल बदलल्या होत्या.

गाडी मरते कशी तेही लक्ष देऊन पाहा. पेट्रोल संपताना इंजिन गचके खात, रडत मरतं. करंट गेला की चावी बंद केल्यासारखं एका क्षणात मरतं.

बॅटरी

इथेच निम्म्या गाड्या बऱ्या होतात. मीटर बॅटरीच्या टोकांना लावा आणि चार आकडे कागदावर लिहा:

१. सगळं बंद असताना: चांगल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली.
२. चावी चालू आणि हेडलाइट लावून एक मिनिटाने.
३. कुणाला तरी किक मारायला सांगून, किक चालू असताना.
४. इंजिन तीन हजार आरपीएमवर, हेडलाइटसह. इथे साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवं.

तिसरा आकडा सगळ्यात बोलका. पॉइंटची गाडी नऊ व्होल्टलाही कशीबशी सुरू व्हायची. जुन्या अॅनालॉग डब्याला ते जमत नाही. पिकअपचा व्होल्टेज ठराविक पातळीला पोचला की तो ठिणगी सोडतो आणि ही पातळी त्याला मिळणाऱ्या पुरवठ्यावर अवलंबून असते. पुरवठा दहा-साडेदहा व्होल्टच्या खाली गेला की ठिणगीची वेळ सरकते. पिस्टन वर पोचण्याच्या फार आधीच ठिणगी पडते आणि किक उलटी तुमच्या पायावर येते. उलट्या किकने घोटा मोडलेला माणूस मी पाहिला आहे. किक उलटी बसू लागली की टायमिंगला हात लावण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पाहा.

चौथा आकडा पहिल्या आकड्यापेक्षा वर चढत नसेल तर गाडी चार्जच करत नाही. लुकास कंपनीचा आरएम२१ अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) नवा असताना साधारण १२० वॅट देतो, तोही चांगल्या आरपीएमला. त्यावर कुणी ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब घातलेला असला की शहरातल्या ट्रॅफिकमध्ये बॅटरी हळूहळू उतरते आणि घरी येताना मिसिंग सुरू होतं. मग दोष इग्निशनवर येतो. मी माझ्या गाडीला एलईडी बल्ब घातला आणि हिवाळ्यातली अर्धी कटकट संपली. एलईडी घेताना मात्र तो पॉझिटिव्ह अर्थवर चालणारा आहे ना, हे विचारून घ्या.

इंजिन चालू असताना स्वस्तातला डिजिटल मीटर ठिणगीच्या गोंधळाने काहीही आकडे दाखवतो. आकडे वेडेवाकडे नाचू लागले तर काट्याचा मीटर वापरा.

प्लग आणि कॅप

नवा प्लग घाला, गॅप पंचवीस थाऊ, म्हणजे ०.६३ मिलिमीटरच्या आसपास. प्लग सगळ्यात स्वस्त असतो, त्याच्याबद्दल डोक्यात शंका शिल्लक ठेवू नये. कॅपचा रेझिस्टन्स मोजा. पाच किलो-ओहमची कॅप पाचच्या जवळपास दाखवायला हवी. वीस-तीस दाखवत असेल, किंवा हलवली की आकडा पळत असेल, तर बदला. डिजिटल किटला रेझिस्टर असलेली कॅप किंवा प्लग लागतोच, नाही तर ठिणगीचा गोंधळ डब्यातल्या प्रोसेसरपर्यंत पोचतो.

एकच सिलिंडर मरत असेल तर इथे एक सोपी युक्ती आहे. दोन्ही ठिणग्या एकाच वेळी पडत असल्यामुळे डावी-उजवी एचटी वायर अदलाबदल करून लावली तरी गाडी चालते. पॉइंटच्या गाडीत हे करता येत नव्हतं. अदलाबदलीनंतर दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो कॉईल, वायर किंवा कॅपमध्ये आहे. दोष जागचा हलला नाही तर इग्निशनचा नाद सोडा आणि त्या बाजूचा अमल कार्ब्युरेटर उघडा. पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बुजलेलं निघण्याची शक्यता मोठी. इथे सप्टेंबर २०२१ पासून ई१० (इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आलं, तेव्हापासून हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा प्रकार मला जास्त दिसतो.

अर्थिंग आणि डब्यापर्यंतची वाट

आता डब्यावरच मोजायचं. बॉयर-ब्रॅन्सडेनच्या नेहमीच्या पॉझिटिव्ह अर्थ जोडणीत पांढरी वायर चावीकडून येते, लाल अर्थला जाते आणि काळी कॉईलला. दुसऱ्या कंपनीचं किट असेल तर रंग त्याच्या कागदावर पाहा. चावी चालू करून पांढरी आणि लाल यांच्यामध्ये मोजा, मग लगेच बॅटरीवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर मध्ये कुठेतरी व्होल्टेज सांडतो आहे.

सांडण्याच्या ठरलेल्या जागा: चावीचा स्विच, हँडलवरचा किल स्विच, फ्यूजचा होल्डर आणि लुकासचे बुलेट कनेक्टर. पन्नास वर्षांच्या ओलाव्याने बुलेटवर हिरवी-पांढरी भुकटी बसते. बाहेरून रबरी नळी चांगली दिसते, आत कनेक्टर भाजलेला असतो. एकेक सोडवा, पॉलिश पेपरने चमकवा, सैल असेल तर नवा घाला. नॉर्टन कमांडोला आणखी एक गोष्ट पाहा: मूळ गाडीतला बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलचा व्होल्टेज कमी करणारा) वाटेत तसाच राहिला आहे का? किट बसवताना तो काढायचा असतो. जुने कंडेन्सरही कॉईलला जोडलेले राहू नयेत.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नव्याने रंगवलेल्या सुंदर गाड्या इथेच फसतात. पावडर कोटिंग हे उत्तम इन्सुलेशन आहे. फ्रेमला जाड चकचकीत थर बसतो, बोल्टखाली अर्थची लग ठेवतात, पण धातूला धातू लागतच नाही. करंट मग क्लचच्या केबलमधून, स्पीडोमीटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम लागली तर समजून जा. माझ्या गाडीत बॅटरीच्या प्लसपासून डब्याच्या लाल वायरीला, कॉईलच्या अर्थला आणि इंजिनच्या हेडला स्वतंत्र वायर टाकली आहे, फ्रेमवर भरवसाच ठेवलेला नाही.

शंका उरली तर बायपास करा. बॅटरीच्या मायनसपासून फ्यूजवाली वायर थेट डब्याच्या पांढऱ्या टोकाला जोडा, चावीकडून येणारी वायर काढून ठेवा आणि गाडी सुरू करा. मिसिंग गेलं तर दोष चावी, किल स्विच किंवा मधल्या जोडांत आहे, बाकी सगळं निर्दोष. अशी जोडलेली गाडी चावीने बंद होणार नाही, क्लिप काढूनच बंद करायची. ती क्लिप हाताला सहज लागेल अशी ठेवा आणि अशा अवस्थेत रस्त्यावर जाऊ नका.

हँडल वळवल्यावर अडखळत असेल तर हेडलाइटमागून फ्रेमकडे जाणारी वायरिंग पाहा. झिप टायने कुणी तरी ती फार ताणून बांधलेली असते.

पिकअपच्या दोन वायरी

मला ज्या दोषाने एक अख्खा उन्हाळा छळलं, तो हा. टायमिंग कव्हरचे दोन स्क्रू काढले की गोल प्लेट दिसते. तिच्यातून दोन बारीक वायरी निघतात आणि इंजिनमधल्या अरुंद भोकातून मागे जातात. इंजिन थरथरतं, प्लेट इंजिनबरोबर थरथरते, पण वायरीचं दुसरं टोक फ्रेमला बांधलेलं असतं. म्हणजे वायर मिनिटाला हजारो वेळा एकाच जागी वाकते. आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. थंड असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली असतात. इंजिन तापलं, प्लास्टिक सैल झालं की टोकं दूर होतात आणि गाडी बंद. थंड झाली की पुन्हा टेकतात.

मी डबा बदलला, कॉईल बदलल्या, प्लग तर किती वेळा. शेवटी एका संध्याकाळी पिकअपच्या दोन्ही वायरी डब्याकडून सोडवून मीटर लावला: १३१ ओहम. अगदी बरोबर. मीटर तसाच लावून ठेवून मी प्लेटजवळ वायर दोन बोटांत धरून हळूच वाकवली. १३१, १३१, १३२, आणि मग पडद्यावर नुसता 'ओएल', म्हणजे जोड तुटलेला. सोडली, पुन्हा १३१. वायर ओढून पाहिली तर त्या एका जागी प्लास्टिक रबरासारखं ताणलं गेलं आणि बारीक झालं, कारण आत त्याला धरून ठेवायला तांबंच नव्हतं. चाकूने कापल्यावर आत हिरवी पडलेली, केसांसारखी तुटलेली टोकं दिसली.

ही तपासणी अशी करा:

- दोन्ही वायरी डब्याकडून सोडवा. रेझिस्टन्स मोजा. बॉयरच्या मार्क थ्री प्रकारच्या प्लेटला दोन्ही पिकअप मिळून साधारण १२० ते १४० ओहम यायला हवेत. निम्माच आकडा आला तर एक पिकअप शॉर्ट आहे.
- मीटर लावलेला असताना वायर इंचाइंचाने वाकवत जा, प्लेटपासून डब्यापर्यंत. डोळे आकड्यावर ठेवा.
- प्लेटवर दोन-तीन मिनिटं हेअर ड्रायर धरा आणि पुन्हा वाकवा. आकडा गरमीने थोडा वाढणं साहजिक आहे, उडी मारणं नाही.
- वायरी आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये मोजा. इथे काहीच दिसायला नको. आकडा दिसला तर कुठेतरी इन्सुलेशन घासून वायर बॉडीला लागते आहे.

दुरुस्तीला मऊ, बारीक तारांची सिलिकॉन वायर वापरा. सोल्डर केलेला सांधा प्लेटवर एपॉक्सीने पक्का करा, म्हणजे वाकण सांध्यावर येणार नाही. आणि प्लेटपासून निघाल्यावर वायरीला सैलसर वळसा द्या. वायर ताणून बांधली तर वर्षभरात तोच दोष परत येईल. माझ्याकडे पहिल्यांदा तसंच झालं.

रोटर

कव्हर उघडलंच आहे तर रोटर दोन बोटांनी फिरवून पाहा. हलला तर टायमिंग जागेवर राहणार नाही. रोटर कॅमशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसायला हवा. बोल्ट जरा लांब असला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण रोटर सैलच राहतो. वर्षानुसार बोल्टचा आटाही बदलतो, बीएसएफ किंवा यूएनएफ, आणि चुकीचा आटा जोर लावून घातला की कॅमशाफ्टचं टोक खराब होतं. आत तेल साचलं असेल तर मागचं ऑइल सील गेलं आहे. चुंबकांवर घासल्याच्या खुणा असतील तर प्लेट मध्यावर नाही.

कॉईल

प्रायमरी मोजा. सहा व्होल्टची कॉईल पावणेदोन ओहमच्या आसपास, सिरीजमधल्या दोन्ही मिळून साडेतीनच्या जवळ. फार कमी भरली तर डब्यावर ताण येतो. सिरीजमध्ये एकीची प्रायमरी तुटली तरी दोन्ही सिलिंडर मरतात, हे विसरू नका. गरम झाल्यावरचा दोष थंड कॉईल मोजून सापडत नाही. गाडी बंद पडल्या पडल्या, रस्त्यावरच, जादा प्लग लावून ठिणगी पाहा. कॉईलला क्लिप फार आवळली की तिचं पत्र्याचं अंग चेपतं आणि आत शॉर्ट होते, म्हणून चेपलेली कॉईल दिसली की मी ती सरळ बदलतो.

डबा, आता

इथवर सगळं ठीक निघालं तरच. चुंबक आणि दोन वायरींच्या अॅनालॉग किटसाठी एक जुनी चाचणी आहे. पिकअप सोडवा, दोन्ही प्लग हेडला टेकवा, चावी चालू करा आणि डब्याकडून येणारी पिकअपची दोन टोकं एकमेकांना टेकवून झटकन सोडवा. प्लगला ठिणगी पडली तर डबा आणि कॉईल जिवंत आहेत, दोष पिकअपकडेच शोधा. ठिणगी नसेल, पुरवठा बारा व्होल्ट असेल आणि कॉईलचे आकडे बरोबर असतील, तर डबा गेला. तीन वायरींच्या सेन्सरवर किंवा प्लेटमध्येच सगळं इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या किटवर ही चाचणी करू नका, ते खराब होईल.

टायमिंग शेवटी

व्होल्टेज आणि वायरी पक्क्या झाल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका, नाही तर चुकीच्या ठिणगीला जुळवून टायमिंग बिघडवून ठेवाल. पूर्ण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते) ट्रायम्फ टी१२० आणि टी१४० ला ३८ अंश, बीएसए ए६५ ला ३४, नॉर्टन कमांडोला २८. स्ट्रोब (टायमिंगची खूण पाहायचा लुकलुकणारा दिवा) वेगळ्या बॅटरीवर चालवा. गाडीच्याच बॅटरीवर लावला तर खूण उड्या मारताना दिसू शकते. समोर पंखा ठेवा, या इंजिनांना उभ्याने चार-पाच हजार आरपीएम सोसत नाही. कमांडोच्या प्रायमरी कव्हरमधली (इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चेनवरच्या झाकणातली) अंशांची पट्टी जराशी सरकलेली असू शकते, एकदा डिग्री डिस्कने (अंश कोरलेल्या चकतीने) पडताळून घ्या.

वेगळ्या बॅटरीवरही खूण नाचत असेल तर दोष अल्टरनेटरच्या रोटरमध्ये असू शकतो. लुकासच्या जुन्या रोटरचा पोलादी गाभा बाहेरच्या भागातून सैल होतो. खूण बाहेरच्या भागावर असते, त्यामुळे इग्निशन अचूक असूनही खूण फिरते. प्रायमरीतून बेअरिंग गेल्यासारखी ठकठक येत असेल तर हे नक्की पाहा.

इथे थांबा

- बॅटरी चार्ज आहे, वायरी पक्क्या आहेत, टायमिंग जुळलं आहे, तरी किक उलटी बसते. पुढची किक मारू नका.
- अल्टरनेटरचा रोटर सैल आहे. प्रायमरी उघडणं, रोटरचं नट योग्य टॉर्कने आवळणं आणि स्टेटरची (रोटरभोवतीच्या स्थिर कॉईलची) गॅप ठेवणं हे सवयीचं काम आहे. रोटर स्टेटरला घासला तर दोन्ही जातात.
- इग्निशनच्या रोटरचा बोल्ट कॅमशाफ्टमध्ये तुटला. ड्रिल सरकलं तर कॅमशाफ्ट बदलावा लागेल, म्हणजे इंजिन उघडावं लागेल.
- वायरिंगला जळका वास आहे किंवा वायरी कडक होऊन तडकल्या आहेत. तुकड्या-तुकड्याने जोडत बसू नका, नवं हार्नेस टाकून घ्या. टाकी आणि ठिणगी यांच्यात वीतभर अंतर आहे.
- नव्या डब्यानेही दोष तोच. आणखी भाग विकत घेणं थांबवा.

इथे ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फार फेरफार न केलेल्या गाड्यांना सक्तीची वार्षिक तपासणी उरलेली नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाचे डोळे या वायरींवर पडतच नाहीत. वर्षातून एकदा जाणकाराकडून पाहून घ्या.

पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात माणूस शोधताना त्याला एकच प्रश्न विचारा: या गाडीत बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जातं? क्षणभरही न थांबता "प्लस" म्हणाला तर गाडी त्याच्या हवाली करा. सोबत तुम्ही लिहिलेला आकड्यांचा कागद द्या: बॅटरीचे चार आकडे, डब्यावरचा व्होल्टेज, पिकअपचे थंड आणि गरम ओहम, कॉईलचे ओहम, किती मिनिटांनी बंद पडते आणि कशी. बदललेले भाग परत मागून घ्या, आणि पिकअपची जुनी प्लेट असेल तर घरी आल्यावर तिच्या वायरी बोटांत धरून वाकवून पाहा.